ट्रेमधली पिन

हात पुसायला फडकं उचललं, तर खाली अवजारांच्या ट्रेमध्ये कॉटर पिन. मागच्या चाकाचा नट सैल होऊ नये म्हणून त्यात घालतात, ती.

लेक नुकतीच मोटारसायकलला नवे टायर घालून निघाली होती. तिची नोकरी पवनचक्क्यांवर. घाटात डांबर आणि वर पठारावर नुसती खडी. तिला खडीत पकड घेणारे, जाड गाठींचे बटण टायर हवे होते. "डांबरावर वळणात घसरशील," म्हणून मीच दोन्हीकडे चालणारे निवडले, मीच बसवले. आणि पिन विसरलो! गॅरेजच्या चाळीस वर्षांत असं कधी झालं नव्हतं.

फोन लावला, ती उचलेना. पिन मुठीत धरून स्कूटर काढली. प्रत्येक वळणावर आधी दरीत बघायचो, मग रस्त्यावर. खडी सुरू होते तिथल्या टपरीवर ती चहा पिताना दिसली.

"गाडीला हात लावू नकोस! पिन राहिलीय!" मी लांबूनच ओरडलो.

ती चाकापाशी वाकली, मीही वाकलो. नटात कोरी पिन चमकत होती, टोकं नीट दुमडलेली.

"अण्णा, तुमच्या हातातली जुनी आहे," ती हसली. "जुनी पुन्हा वापरायची नाही, असं मला सांगत तुम्हीच नवी घातलीत की! माझ्यासमोर."

मीही हसलो. टायर आठवत होता, पाना आठवत होता. नवी पिन काही केल्या आठवेना.