घाटघरची सीडी

“काका, डिस्कमधलं काहीच निघालं नाही,” पुण्याचा दुरुस्तीवाला फोनवर म्हणाला. हौशीरामने फोन ठेवला आणि स्टुडिओचं शटर अर्धं खाली ओढलं.

पेठला हमरस्त्यालगत त्याचा फोटो स्टुडिओ होता. एवढ्या वर्षांत काढलेली सगळी लग्नं त्या एका हार्ड डिस्कमध्ये होती. आणि त्याची बायको मोहिनी होती. दोन वर्षांपूर्वी ती गेली. तिचे फोटो भिंतीवर होते. आवाज मात्र फक्त त्या डिस्कमध्ये राहिला होता. “अण्णा, एक कॉपी दुसरीकडं ठेवा,” असं अश्विनी, त्याची मुलगी, किती वेळा म्हणाली होती. सीझन संपला की करू, असं तो म्हणायचा. डिस्क गेल्यावर तिने जुन्या गिऱ्हाइकांना निरोप धाडले. लग्नाची सीडी घेऊन या, पेनड्राइव्हमध्ये भरून देऊ.

लोक आले. लोणीहून आले, मंचरहून आले. त्या लग्नांत मोहिनी लाइट धरायची, माणसांना हसवायची, सारखी बोलायची. पण प्रत्येक सीडीवर पहिल्यापासून शेवटपर्यंत गाणी. ती हौशीरामनेच टाकलेली. वऱ्हाडी कॅमेऱ्यामागे कुणाकडे तरी बघून पोट धरून हसत होते, आणि ऐकू येत होती नुसती सनई.

मग घाटघरचे सोमाजी आले. लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेली सीडी त्यांनी टेबलावर ठेवली. त्यांच्या लेकीचं, आरतीचं लग्न.

“ह्याच्यात गाणी न्हाईत, भाऊ. मीच नगं म्हनलो व्हतो. आमच्या मान्सांचं बोलनं ऱ्हाऊ द्या म्हनलं.”

हौशीरामचा हात थेट माउसकडे गेला. अश्विनीने तो धरला.

“आधी कॉपी, अण्णा. मग बघायचं.”

सीडी अर्ध्यावर अडकली. मशीन घरघरत राहिलं. अश्विनीने ती काढली, मऊ फडक्याने पुसली, पुन्हा घातली. शेवटी कॉपी झाली. तिने लगेच दुसरीही केली.

“मी बी कवा लावली न्हाई,” सोमाजी हळूच म्हणाले. “आरतीची आय, लंका, गेल्यापास्नं तर न्हाईच. घासून गेली तर, म्हनून.”

हौशीरामने वळून त्यांच्याकडे पाहिलं. मग खुर्ची पुढे ओढली आणि त्यांना आपल्या शेजारी बसवलं.

पडद्यावर आरतीची पाठवणी चालली होती. मांडवाच्या दारात लंकाबाई तोंडाला पदर लावून रडत होती. कॅमेऱ्यामागून ओळखीचा, हसरा आवाज आला.

“वहिनी, पदर काढा की तोंडावरचा. तुमी कशा दिसत व्हता, ते पुढं कुनी बघायला नगं का?”

लंकाबाईने पदर खाली घेतला आणि पडद्यावरून सरळ सोमाजी आणि हौशीरामकडे पाहिलं.