एकतीस नंबरचं दुकान

"एकतीस नंबर, उभी राहा. वाच तुझं दुकान."

योगेंद्र सर मुलांना नावाने हाक मारत नसत. ही पोरं आयुष्यात काही होणार नाहीत, मग नावं कशाला पाठ करायची, असं त्यांचं मत. ठाणं सोडून जळगावच्या कॉलेजात येऊन पडलो याचा राग ते रोज वर्गावर काढत. दरवर्षी प्रत्येकाने कागदावर एक काल्पनिक दुकान थाटायचं आणि सरांनी ते सगळ्यांदेखत मोडायचं, हा त्यांचा आवडता तास.

एकतीस नंबरने वाचलं. भरताचं दुकान. वांगी बामणोदची, भाजायची कपाशीच्या काड्यांवर, सोबत कळण्याची भाकरी. जागा पिंप्राळ्यात, बन्सीलाल यांचा रिकामा गाळा. उद्घाटन जुलैच्या शेवटच्या रविवारी.

"डोकं चालवायला सांगितलं होतं, चूल पेटवायला नाही," सर म्हणाले. "वीसपैकी दोन. बस खाली."

"बरं सर," म्हणत तिने कागद टेबलावर ठेवला.

कागद सरांच्या घरी गेला. गेल्या वर्षी बारा नंबरचं शेवेचं दुकान त्यांनी असंच भंगारात काढलं होतं. ते आता धुळ्यात त्यांच्या मेहुण्याच्या नावावर जोरात चालत होतं. गाढवाला गुळाची चव काय? मग गूळ आपणच खावा, एवढं साधं व्यवहारज्ञान.

या वेळी मेहुण्याला वाटेकरी करायचं नव्हतं. त्यांनी बायकोच्या, सुलक्षणाच्या, पाटल्या मोडल्या आणि दलालामार्फत तोच गाळा घेतला. अकरा महिन्यांचं भाडं आगाऊ. मध्येच सोडला तर परत काही नाही.

"हे बुडालं तर मी माहेरी जाईन," सुलक्षणा म्हणाली.

"इथली माणसं वांग्यावर जीव टाकतात. बुडेल कसं?"

नोकर ठेवले तर धंदा शिकतात, म्हणून रविवारी पहाटेपासून नवरा-बायकोनेच पन्नास किलो वांगी भाजली. सगळं कागदाबरहुकूम. दुपार झाली तरी कुणी फिरकलं नाही. शेवटी शेजारच्या मंदाबाई डोकावल्या.

"मास्तर, काल एकादशी व्हयनी ना. चातुर्मास लागना. आते चंपाषष्ठीलगून आमना घरमा वांगं बंद. बठ्ठा गल्लीमा हाईच शे."

"म्हणजे किती दिवस?"

"चार-पाच महिना."

सुलक्षणा बॅग भरायला घरी गेली.

इथेच जन्मलेल्या पोरीला एवढंही कळू नये? सरांनी एकतीस नंबरला मनातल्या मनात लाखोली वाहिली. असली अडाणी कार्टी धंदा काय करणार! मग किल्ली घेऊन ते घरमालकाकडे निघाले. बन्सीलालना ते कधी भेटले नव्हते. हातापाया पडून निम्मं भाडं तरी सोडवायचं, पाटल्या परत आणायच्या.

त्यांनी बेल वाजवली. दार एकतीस नंबरने उघडलं.

"या सर," ती म्हणाली आणि आत वळली. "दादा, सर आलेत. करारनामा आण."

करारनामा घेऊन बारा नंबर बाहेर आला.