कागदापुरती मालकीण

विधेयक पुढं ढकललं गेलं, हे नागोजीनं सकाळी चहाच्या गाड्यावर ऐकलं. अर्धा चहा तसाच ठेवून तो उठला, भंगारवाल्या शामूला स्कूटरवर मागं बसवलं आणि थेट वडगावातल्या आपल्या शेडवर आला.

शेडमध्ये चारही यंत्रमाग चालू होते. कामगार यल्लाप्पा तुटलेला धागा जोडत होता. नागोजीची बायको मनुबाई कोपऱ्यातल्या यंत्रावर सुताच्या कांड्या भरत बसली होती. लग्न होऊन आल्यापासून तिची जागा तीच.

नागोजीनं भिंतीवरचं मेन बटण बंद केलं. माग एकेक करत थांबले. रस्त्यावरच्या भाजीवाल्याची हाळी आत ऐकू आली.

"गेलं ते बिल," नागोजी म्हणाला. "ह्या अधिवेशनात न्हाय. फुडच्यात बघू म्हणत्यात. मी काय आता वाट बघत बसणार न्हाय."

बाईच्या नावावर असलेल्या छोट्या धंद्यांना करात सूट मिळणार, असं ते विधेयक होतं. येणार येणार म्हणून वर्षभर गाजत होतं. कराचं काम बघणाऱ्या स्वरूपनं तेव्हाच सुचवलं होतं, "वहिनींच्या नावावर आधीच करून ठेवा, मागनं धावपळ नको." नागोजीनं माग, मीटर, बँकेतलं खातं, सगळं मनुबाईच्या नावावर केलं. एक दिवस चांगलं लुगडं नेसून ती त्याच्याबरोबर ऑफिसात गेली आणि सांगतील तिथं सह्या करून आली. शेडमधलं काही बदललं नाही. कांड्या ती भरायची, व्यापाऱ्याशी नागोजी बोलायचा.

शामू मागांभोवती फिरला. एकावर थाप मारून म्हणाला, "लोखंड चांगलं हाय, आण्णा. उद्या टेम्पो लावतो. फकस्त सही मालकाची लागंल. मागनं लफडं नको."

"ती करंल की," नागोजी म्हणाला आणि मनुबाईकडं वळला. "उद्या सही कर. शेड गोडाऊनला मागाय लागल्यात. बसून भाडं यील."

मनुबाईच्या हातात अर्धी भरलेली कांडी होती. "माग मोडायचं?"

"मग काय करायचं? सवलत न्हाय. सूत म्हाग झालंय. पोरगं उद्यमबागेत कारखान्यात नोकरीला लागलंय, ते काय हिकडं बघत न्हाय. कुणासाठी चालवायचं?"

यल्लाप्पानं धाग्याचं टोक बोटांत तसंच धरून ठेवलं होतं. त्याला कुणी काही विचारलं नव्हतं.

"मी सही करणार न्हाय," मनुबाई म्हणाली.

नागोजीला वाटलं, आपल्याला नीट ऐकू आलं नाही. "काय?"

"सही करणार न्हाय म्हणलं. माग इकायचं न्हाईत."

शामू हसला. नागोजी हसला नाही. "अगं, कागदापुरतं केलतं ते. सवलतीसाठी. तुला म्हाईत न्हाय व्हय?"

"म्हाईत हाय. पर ऑफिसातल्या त्या सायबानं मला इचारलं, मालकीण तुमीच काय? तुमी मागं हुबं ऱ्हाऊन म्हणलासा, व्हय म्हण. मी व्हय म्हणलं. तवापासनं हितं येऊन बसलं की रोज मनात येतंय, ह्यो माग माझा. त्यो बी माझा. कागदातलं मला काय कळतंय? मला खरंच वाटाय लागलंय."

"आणि कर कोण भरणार? लाइट बिल?"

"सवलत मिळाली न्हाय तर न्हाय. आदी कुठं हुती? तरी चाललंच की."

"आणि बुडालं तर?"

"माझं बुडंल," मनुबाई म्हणाली. "बुडाय तरी माझं कायतरी असंल."

शामूनं एकदा त्याच्याकडं बघितलं, एकदा मनुबाईकडं. "घरात ठरवा आणि फोन करा, आण्णा," असं म्हणून तो चालतच निघून गेला.

मनुबाईनं कांडी पुन्हा यंत्राला लावली. "यल्लाप्पा, बटण दाब."

यल्लाप्पानं नागोजीकडं बघितलं. आजवर चालू कर, बंद कर म्हणणारा तोच. नागोजी दारात पाठमोरा उभा होता, शामू गेला त्या रस्त्याकडं बघत. यल्लाप्पा थोडा वेळ घुटमळला. मग भिंतीपाशी गेला आणि त्यानं बटण दाबलं.

माग धडधडू लागले. तिसऱ्याचा ठेका चुकत होता. नागोजी दारातच उभा राहिला. एकदा त्यानं खिशातून फोन काढला, परत ठेवला. तिसरा माग पुन्हा अडखळला. ते ऐकून त्याला राहवेना. तो आत आला, यल्लाप्पाला माग थांबवायची खूण केली, पाना घेतला आणि मागाखाली शिरला. मनुबाई आपलं काम करत राहिली.

दुपारकडं सुताची पोती घेऊन टेम्पो आला. ड्रायव्हर नवीन होता. शेडच्या दारात उभा राहून, मागांच्या धडधडीवर आवाज चढवत तो ओरडला, "मालक कोण हायत? पोचपावती पायजे."

नागोजीचे हात कोपरापर्यंत तेलानं काळे झाले होते. त्यानं मागाखालून डोकं बाहेर काढलं नाही.

"आत जावा," तो म्हणाला. "कोपऱ्यात बसल्यात बघा, त्या."