टाळ्यांचं रीळ

१९७४ साली मी सरकारी माहितीपट विभागात फिल्म जोडायचे काम करत होते. प्रत्येक नेत्याच्या भाषणापुढे टाळ्या जोडायच्या असत. टाळ्यांचं रीळ एकच होतं, आणि त्यात पहिल्याच रांगेत माझ्या सासूबाई भान हरपून टाळ्या पिटत होत्या.

मुख्यमंत्र्यांवरचा माहितीपट तुरुंगातही दाखवला गेला. तिथे राजकैदी असलेले माझे सासरे त्यानंतर सासूबाईंना भेटायलाच बाहेर येईनात.

“सूनबाई, ज्या मेल्याने त्यांना आत टाकलं, त्यालाच मी टाळ्या वाजवते होय? काढ मला त्यातून.”

“आई, तुम्हाला काढलं तर मागे नुसत्या रिकाम्या खुर्च्या उरतात.”

पुढे सरकार पडलं आणि सासरेच मंत्री झाले. त्यांच्या पहिल्या भाषणाला मी तेच रीळ जोडलं. पडद्याकडे बघताना त्यांचे डोळे भरून आले. “इतकं कौतुक कधी तोंडाने बोलली नाहीस गं,” ते सासूबाईंना म्हणाले. सासूबाईंनी हळूच माझा हात दाबला.

आता दोघंही नाहीत. मला दोन्ही सरकारांनी बक्षीस दिलं.

 

सर्कशीत सायकल चालवून त्या टाळ्या मिळवणारं अस्वल तेवढं कुठल्याच माहितीपटात आलं नाही.