आल्याचा वास

प्रार्थनेला पप्पा शेजारी येऊन बसले आणि त्यांच्या तोंडाला आल्याच्या चहाचा वास आला. एस्तेरने एक डोळा किलकिला करून पाहिलं. ते डोळे मिटून शांत बसले होते.

ईस्टरपर्यंत चहा बंद, असं त्यांनीच जाहीर केलं होतं. "मोठ्यांनी आधी करून दाखवावं," असं वर ऐकवलंही होतं. त्यांचं बघून एस्तेरने चॉकलेट सोडलं, वाढदिवसाला मिळालेलं होतं तेसुद्धा. आणि हे बाहेर चहा ढोसून येतात?

दुसऱ्या संध्याकाळी ती गुपचूप त्यांच्या मागे गेली. चहाच्या टपरीवर न थांबता पप्पा थेट थोरल्या काकांच्या घरात शिरले. आजोबांच्या जागेवरून वाद झाल्यापासून त्या घराशी अबोला होता. काकांची हन्ना एस्तेरच्याच वर्गात, पण दोघी एकमेकींकडे बघतसुद्धा नसत.

एस्तेर खिडकीखाली कान देऊन उभी राहिली.

"काल माझ्या लक्षातच आलं नाही," काका ओशाळून म्हणत होते. "उपवासकाळात तू चहा सोडतोस ना?"

"आण तो कप, दादा," पप्पा म्हणाले. "तुझ्या घरचा चहा परत पाठवून कसला उपवास करू?"

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत एस्तेरने ते चॉकलेट मोडून अर्धं हन्नासमोर धरलं. हन्नाने ते उलटसुलट करून पाहिलं, हुंगलं.

"आधी तू खा," ती म्हणाली.

एस्तेरने खाल्लं.