नलूच्या उंचीवरून

भोरच्या बाजारात तंबूतला बोलपट पाहून आल्यापासून सौदामिनीच्या डोक्यात एकच गोष्ट घोळत होती. त्यात एका प्रसंगी कॅमेरा रांगत्या पोराच्या उंचीवर ठेवला होता आणि साधंसुधं घर एकदम परकं वाटलं होतं. आपली नवी कथाही तशीच, मुलाच्या नजरेतून लिहायची.

एरवी लिहायला बसताना ती तीन वर्षांच्या नलूला जुन्या लुगड्यानं खांबाला बांधून ठेवी. मागल्या दारी विहीर होती.

"बांधतेस कशाला गं पोरीला?" सासूबाई म्हणत.

"माझी नजर असते की तिच्यावर," सौदामिनी सांगे.

आज तिनं नलूला सोडलं आणि तिथून काय दिसतं ते पाहायला स्वतःच खांबाशी बसली. नलूला हा खेळ फार आवडला. तिनं लुगडं आईच्या कमरेला गुंडाळलं आणि आईच्या लिहायच्या टेबलामागच्या खुर्चीवर चढून बसली. सौदामिनीला तिचा चेहरा दिसेना. नुसती टेबलाची पुढची उभी फळी दिसत होती आणि खाली लोंबणारी पावलं.

फळीमागून नलूनं आईचा रोजचा सूर लावला, "रडायचं नाही हं. मी इथंच आहे ना."