आधी खा, मग बोला

“ही बादली कशाला आणून ठेवली इथं मधीच? उठता-बसता पायात येती.”

फ्लेक्सच्या पडद्यामागून मनकर्णाबाई पुटपुटल्या. पडद्याच्या अलीकडे उभ्या असलेल्या अमृतानं ते ऐकलं आणि फटीला तोंड लावून ती हळूच म्हणाली, “आत्याबाई, राहू द्या ना. कशाला ठेवलीय ते तुम्हाला ठाऊक आहे.”

“व्हय, ठाऊक हाय,” सासूबाई म्हणाल्या आणि त्यांनी परात पुढं ओढली.

लघुउद्योजकांचं एक दिवसाचं प्रदर्शन होतं आणि कोपऱ्यातला हा स्टॉल सुनेनं उभा केला होता. महिनाभर मोबाइलवर व्हिडिओ बघून ती शिकली होती. समोर टेबल आडवं टाकलं नाही. टेबल दिसलं की माणूस लांबूनच मान हलवून पुढं जातो. बोर्डावर माहितीची गर्दी केली नाही. चारच शब्द लिहिले: आधी खा, मग बोला. सगळे दिवे मशीनवर वळवले. मशीनशेजारी शाळूच्या पिठाची गोणी ठेवली, शिवलेलं तोंड पुढं करून, शोभेला. सासऱ्यांना, साहेबरावांना, काळा शर्ट घातला. गॅस मात्र मागच्या बाजूला, कारण आग गिऱ्हाइकापासून लांब हवी असा आयोजकांचा नियम होता. मग मध्ये पडदा आलाच. अमृताच्या मते हा पडदा म्हणजेच खरा स्टॉल होता.

साहेबरावांनी वाळूजच्या एका कंपनीत टूलरूममध्ये हयात घालवली होती. रिटायर झाल्यावर बजाजनगरच्या घरात, जिन्याखाली बसून, चार वर्षं खपून त्यांनी हे भाकरीचं मशीन केलं. वरच्या झाकणातून पीठ आणि गरम पाणी घालायचं. आतल्या आत मळून, थापून भाकरी मागच्या फटीतून तव्याजवळ यायची. यायची खरी. तव्यावर पडली की तिचे तीन तुकडे व्हायचे.

घरात हे कुणी बोललं नव्हतं. मनकर्णाबाई ते तुकडे गुपचूप बाजूला सारायच्या आणि हातानं थापलेली भाकरी नवऱ्याच्या ताटात वाढायच्या. मुलगा, अतुल, दर घासाला “झकास झाली बाबा” म्हणायचा. परवा तर त्यानं कमालच केली. “एक जरी ऑर्डर आली ना बाबा, पिशोरचं वावर विकू आणि तुमच्यासाठी शेड घेऊ,” म्हणाला. साहेबराव नुसतं “बघू” म्हणाले होते.

अमृताचा हिशेब साधा होता. लोक खातील, कंपनीतले जुने सोबती मामांच्या पाठीवर थाप मारतील, ऑर्डर काही कुणी देणार नाही. मामांचा मान राहील आणि वावरही जागेवर राहील.

स्टॉल इतका चांगला जमेल असं तिला वाटलं नव्हतं.

अकरापासून पाय ठेवायला जागा नव्हती. भाकरीचा वास सगळ्या मंडपात फिरत होता. साहेबराव बटण दाबायचे, मशीन खटखट करायचं आणि पडद्याच्या फटीतून गरम भाकरी पुढं यायची. माणसं ठेच्यासोबत उभ्या-उभ्या खायची.

“मामा, आज आवाज लई हलका येतोय मशीनचा,” मध्येच अमृता म्हणाली.

“ऑइल केलंय सकाळी.”

दुपारी तिनं पडद्याआड विचारलं, “आत्याबाई, बादली भरली असंल. टाकून येऊ?”

“तू पुढं बघ. बादलीचं मी बघते.”

तिनं पुढं बघितलं. सासऱ्यांच्या काळ्या शर्टावर अजून पिठाचा एक कण नव्हता. माणसाला नीटनेटकं राहायला सांगावं आणि त्यानं ते दिवसभर पाळावं, याचं तिला फार कौतुक वाटलं.

चार वाजता सगीरा आली. चितेगावला कामगारांची मेस चालवणारी, पन्नाशीची, दणकट बाई. एक भाकरी तिनं उभ्यानं संपवली, दुसरी हातात घेतली.

“चाचा, माझ्या मेसमधी रोज पाचशे भाकरी लागत्यात. थापायला बाया मिळंनात. दोन मशीन लिहा. बेटी, लिख ले.”

अमृतानं ऑर्डरचं पुस्तक उघडलं. पेन टेकवलं, पण ते चालेना. येणाऱ्या-जाणाऱ्यानं वाहवा करणं वेगळं. ही बाई उद्या मेसमधल्या भुकेल्या माणसांसमोर तुकड्यांची परात घेऊन उभी राहणार होती. आणि तिकडं पिशोरला वावर जाणार होतं.

“आपा, ते मशीन...” एवढंच तिला बोलता आलं.

पडद्यामागचं थापणं थांबलं.

सगीरानं हातातली भाकरी दिव्याखाली धरली, तिरकी करून पाहिली. “एक बात बताओ, चाचा. मशीनला बोटं कधी फुटली?”

भाकरीवर चार बोटांचे ठसे स्वच्छ उमटले होते.

अमृतानं पुस्तक मिटलं. “मामा, चूक माझी आहे,” ती म्हणाली आणि तिनं पडदा बाजूला सारला. “ह्यांना काही माहीत नाही, आपा. मशीनच्या भाकरी मी ह्या बादलीत टाकायला सांगितल्या होत्या. ह्या बघा...”

तिनं बादली ओढली. बादली कोरडी ठणठणीत होती.

तिनं सासूकडं पाहिलं. मनकर्णाबाई तव्यावरची भाकरी उलटण्यात फार गुंतल्या होत्या.

साहेबरावांनी बटण बंद केलं. खटखट थांबली. दिवसभरात पहिल्यांदाच ते खुर्चीवर टेकले आणि त्यांनी पाय लांब सोडले.

“अतुलला फोन लाव,” ते म्हणाले. “वावर विकायचं नाय म्हणावं. आपलं मशीन भाकरी करत नाय. सकाळपासून मी त्यात पीठच घातलं नाय.”